थोरलीचं बी

माझ्या थोरल्या भावजयीला, रखमीला, बाग कुणी शिकवली असं पोशेऱ्यातल्या नव्या सुना मला विचारतात. मी सांगते, सवतीनं शिकवली. तीसुद्धा जवळ बसवून नव्हे बरं का! रखमीवयनीनं ओट्यावर बसून, डोळे बारीक करून, दात खात तिच्याकडून ती चोरली. सुना हसतात. त्यांना वाटतं कमूआत्याची जीभच तिखट. असेना का. मी त्याच घरात होते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मानमोडीच्या साथीत माझा नवरा गेला आणि मी माहेरी परत आले, जिवादादाच्या घरी. दादा माझा मोठा भाऊ. मनानं चांगला, पण बायकांच्या भांडणात त्याची दातखीळ बसायची. रखमीवयनी त्याची लग्नाची बायको, सूर्यमाळची. उन्हाळ्यात एका हंड्यासाठी डोंगर उतरून चढणारी ती माणसं. वयनी पाण्याची चिक्कू, धान्याची चिक्कू आणि शब्दांची तर त्याहून चिक्कू. पण कामाला वाघीण. राब भाजावा तर तिनंच. पालापाचोळा, फांद्या, शेण जमिनीवर पसरून असं जाळायची की खालचं तण मुळासकट मेलंच पाहिजे. मग त्या राखेत नागली फेकायची, रोपं हातभर झाली की उपटून लावणी करायची. आमच्याकडे शेती म्हणजे हेच. भाजी रानात. परसात कुंपणाच्या कडेला चार बिया काकडीच्या, चार दोडक्याच्या टाकायच्या, आल्या तर आल्या.

त्यांना एकच मुलगी, तानी. पुढं काही झालं नाही. एका हिवाळ्यात दादा गवताचे भारे घेऊन जव्हारला गेला आणि येताना गौराला घेऊन आला. म्हणे, दोन हात वाढले तर शेत वाढेल. दारात ही बाई उभी. रंगानं उजळ, दात पांढरे, उंबऱ्याबाहेर मान खाली घालून. आम्हाला वाटलं आता वयनी रान पेटवणार. तर वयनीनं पाणी आणलं, तिच्या पायावर ओतलं आणि म्हणाली, "पदरात काय बांधलंय ते दे."

पदरात बी होतं. गौराचा बाप जव्हारात दरबारातल्या एका बड्या माणसाच्या बागेत माळीकाम करायचा, ती त्या बागेतच वाढलेली. येताना तिनं काकडी, दोडका, भेंडी, चवळी, कसलं कसलं बी गाठीत बांधून आणलं होतं. आमच्यात घरातलं बी थोरल्या बाईच्या ताब्यात असतं. राखेत घोळवून, सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून, चुलीवरच्या फळीवर ठेवायचं. त्या तुंब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गौरानं मुकाट गाठ सोडली. वयनीनं तिच्यासमोर सगळं बी तुंब्यात ओतलं आणि तोंडावर बोंडूक घट्ट बसवलं. "पेरणीला माग," म्हणाली, "तेव्हा देईन." थोरली कोण ते तिथंच ठरलं.

पण गौराही काही गरीब गाय नव्हती. मागच्या अंगणाला, गोठ्याच्या पलीकडे तिनं कमरेएवढा खड्डा खणला आणि त्यात शेण, पाला, गुरांनी टाकलेलं गवत, चुलीतली राख, सगळं थराथरानं टाकायला लागली. वर पाणी. वर माती. आम्ही बघतच राहिलो. पाला जाळायचा सोडून पुरते ही बया! शेजारची सरू तर रोज कुंपणावरून डोकवायची. "काय गं, मढं पुरलंस का?" म्हणायची. गौरा हसायची. महिन्या-दोन महिन्यांनी तिनं खड्डा उघडला तेव्हा आतून काळीभोर, मऊ माती निघाली. वास म्हणाल तर मृगानंतरच्या रानासारखा. मी मुठीत घेऊन बघितली. वयनीनं लांबूनच नाक मुरडलं. पण मी पाहिलं ना, त्या दिवशी दुपारी गौरा पाण्याला गेल्यावर वयनी खड्ड्यापाशी गेली, चिमूटभर माती उचलली, नाकाशी नेली आणि झटकन फेकली. विंचू हाताला लागावा तशी.

त्यानंतर वयनीच्या जिवाला चैन नव्हतं. भांडी घासायच्या दगडाखालून गौरानं चर काढला आणि उष्टं पाणी वाफ्यापर्यंत नेलं. वयनी बघायची. सूर्यमाळच्या बाईला पाणी वाया जात नाही हे बघून खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिला मेला संताप आला! "हे मला का सुचलं नाय?" असं ती चुलीशी एकटीच पुटपुटली. मी ऐकलं. गौरा पानांवर मावा पडला की पहाटेच्या दवात राख उधळायची, गोमूत्र पाण्यात कालवून शिंपडायची. वयनी सगळं टिपून ठेवायची आणि तोंडानं म्हणायची, "थेरं नुसती."

पेरणी आली. गौरानं हात पुढं केला, वयनीनं तुंब्यातलं तिला चिमूटभर बी मोजून दिल्यासारखं दिलं. आणि उरलेल्यातलं थोडं स्वतःच्या पदरात बांधलं. मला म्हणाली, "कमू, कुणाला सांगू नको. मीपण काकड्या करून दाखवते. तिच्या खड्ड्याची मला गरज नाय."

मग काय केलं असेल या बाईनं? गोठ्यामागं राब भाजला! नागलीला भाजतात तसा. आणि त्यावर काकडीचं बी फेकलं, मुठी मुठीनं. उगवलंही छान, दाट. वयनीचा चेहरा काय खुलला म्हणता! आषाढात वीतभर रोपं झाली तशी ती सगळी तिनं उपटली, मुठी बांधल्या आणि चिखल करून ओळीनं लावली. काकडीची रोपं, बरं का. दुपारपर्यंत सगळी आडवी. संध्याकाळी तर नुसती भिजलेली सुतळी. मी तोंडाला पदर लावला, हसू आवरेना. तेवढ्यात गौरा मागं आली. तिनं बघितलं. ती हसली नाही, तिथंच तर घोटाळा झाला.

ती म्हणाली, "थोरले, काकडीच्या मुळाला हात लावलेला सोसत नाय. जिथं बी टाकलं तिथंच तिला वाढू द्यायचं."

वयनी ताडकन उठली. "तुला बरं सोसलं की गं. जव्हारातून उपटून इथं लावली, तर माझ्याच चुलीवर पसरलीस."

गौराचं तोंड उतरलं. ती मागं फिरली. मी म्हटलं, "वयनी, जरा जास्तच झालं." तर माझ्यावरच गुरकावली, "तुला तिची काळी माती गोड लागते, तर तिच्याकडंच जेव."

श्रावण आला. गौराच्या मांडवावर वेली अशा चढल्या की खालचं ऊन दिसेना. काकड्या लोंबायला लागल्या, पहिल्या बोटाएवढ्या, मग हाताएवढ्या. दोडकी, भेंडी, चवळीच्या शेंगा. आणि घरात? कणगीत नागली तळाला गेलेली. आमच्याकडे श्रावण-भादवा म्हणजे पोटाला चिमटा. जुनं धान्य संपतं, नवं शेतात उभं असतं. आम्ही रानातले कडू कंद आणून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, उकडून खात होतो. तानीला तो कंद बघितला तरी उमासा यायचा. आणि अंगणात हा हिरवागार मांडव!

खायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. हरकत होती. परसातलं पहिलं फळ कणसरीला, आमच्या धान्याच्या देवीला, वाहून नवं केल्याशिवाय घरात कुणी तोंडात घालायचं नाही. रानातल्या कोवळ्या भाजीचं नवं सगळा पाडा मिळून करतो. पण परसातलं नवं ज्याच्या त्याच्या घरचं, आणि ते करायचं थोरल्या बाईनं. तिनं पहिलं फळ तोडायचं, उंबराखालच्या देवीच्या दगडाशी न्यायचं, आधी स्वतः चावायचं, मग सगळ्यांना द्यायचं. तिच्या तोंडून "चला" निघेपर्यंत भेंडीसुद्धा तोडायची नाही. बाप्यानं यात बोलायचंच नाही.

आणि वयनी "चला" म्हणेना!

पहिल्यांदा म्हणाली, अजून कोवळ्या आहेत. मग म्हणाली, अवस आलीय. अवस गेली तर तिचा पाय मुरगळला, उंबरापर्यंत जाववत नाही. तोच पाय घेऊन ती लाकडाची मोळी आणत होती ते आम्हाला दिसत नव्हतं होय? मी एकदा स्पष्टच विचारलं. तेव्हा चुलीतलं लाकूड सारत तिनं मान वर न करता सांगितलं, "येणारा जाणारा मांडवाखाली उभा राहतो, गौरा गौरा करतो. दादा तुझा संध्याकाळी तिथंच बसतो. अजून कुणी चाखलं नाय तर ही गत. एकदा घास पोटात गेला की ह्या घरात माझं राहिलं काय? एवढं एक नवं राहिलंय माझ्याकडं, ते मी कधी करायचं ते मी ठरवीन."

त्यात गौराला दिवस गेलेले. आणि डोहाळे कसले लागावेत? काकडीचे! दुसरं काही नको. हिरवी, कोवळी, करकरीत काकडी. मांडवाखाली उभी राहून एकीएकीला हात लावायची, सोडायची. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसायचं. देवाशपथ सांगते, मला वाटायचं एक तोडून द्यावी गुपचूप. पण देवीचा कोप! पोटातलं पोर! कुणाची छाती होती?

एके दिवशी ती वयनीच्या समोर येऊन बसली. हात जोडले नाहीत, पण आवाज अगदी खाली होता.

"थोरले, एक तरी तोड. वेलीवर काकडी पिकू दिली की वेल म्हातारी होते. तिला वाटतं आपलं काम झालं, मग ती नवी धरत नाय. सगळा मांडव जाईल. आणि मला… मला लय खावंसं वाटतंय."

वयनी नागली पाखडत होती. सूप थांबलं नाही. "देवीच्या आधी तुझी जीभ का?"

बस्स. एवढंच. गौरा उठली आणि पुन्हा कधी मांडवाखाली गेली नाही.

काकड्या जाड झाल्या, पांढुरक्या झाल्या, मग पिवळ्या. दोडक्यांच्या शिरा कडक झाल्या. भेंडीची काडी झाली. चवळीच्या शेंगा वाळून वेलीवरच तडकायला लागल्या. सरू कुंपणावरून ओरडली, "अगं, काय जत्रेला ठेवलंय का सगळं?" तानी एकदा भुकेनं रडत मांडवाकडं बोट दाखवायला लागली आणि वयनीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. तो धपाटा घालताना वयनीचेच डोळे भरले होते. पोरीच्या वाट्याचंही आपणच अडवून धरलंय हे तिला कळत नव्हतं थोडंच. पण आडमुठेपणा एकदा अंगात शिरला की उतरतो का?

शेवटी दादाची दातखीळ सुटली. गौरा अंगणात चक्कर येऊन पडली त्या दिवशी. तिला आत निजवून तो बाहेर आला आणि म्हणाला, "रखमे, उद्या नवं झालं पायजे. नाय झालं तर तुला सूर्यमाळला पोचवतो. मग ह्या घरात थोरली कोण ते बघू."

वयनी उठून चुलीशी गेली. रात्रभर चूल विझू दिली नाही, एवढं मला आठवतं. उजाडता उजाडता न्हाली, डोक्यावरून पदर घेतला आणि मांडवाखाली गेली. मी मागं होते. वरून खालपर्यंत तिनं बघितलं. एकसुद्धा हिरवी काकडी नव्हती. पाच-सहा वेली तर वाळूनच गेल्या होत्या, पानं कुरकुरत होती. तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडावर भीती दिसली मला. काय केलं आपण, हे तिला त्या क्षणी कळलं असावं. पण तिनं ओठ आवळले, त्यातली एक पिवळीजर्द, जाडजूड काकडी तोडली आणि उंबराकडे चालू लागली.

देवीला वाहिली. कोयत्यानं चिरली. आत सगळं पाणचट आणि बियाच बिया. रिवाजाप्रमाणे आधी वयनीनं चावली. आंबट ढाण होती ती. मी नंतर चाखली ना! पण वयनीनं शांतपणे चावून गिळली, तोंड जराही वाकडं केलं नाही. अशी जिद्दी बाई. मग दुसरी फोड गौरापुढं धरली.

गौरानं ती कपाळाला लावली आणि खाली पानावर ठेवली.

"नको, थोरले. डोहाळे फिटले माझे."

ती रागानं म्हणाली असती तर वयनीनं दहा शब्द ऐकवले असते. ती साधेपणानं म्हणाली. दादानं आपली फोड चावली आणि थुंकली. तानीनं मात्र बियांसकट सगळी खाल्ली, भूक होती ना पोटात.

घरी आल्यावर वयनीनं सगळी पिकलेली फळं उतरवली. बियांचा रेंदा हातानं काढला, धुतला, राखेत घोळवला, वाळवला. दोडकी फोडली, चवळी सोलली, भेंडीच्या वाळक्या काड्या चुरल्या. एक तुंबा भरला, दुसरा भरला, शेवटी कुणाचा तरी मोडका तुंबा शिवून तोही भरला.  दुसरं करणार तरी काय? खायला काही उरलंच नव्हतं.

माघात गौराला मुलगा झाला, लाडक्या. गोरा, गुटगुटीत, पण लाळ गळायची. सतत. अंगडं ओलं, हनुवटी ओली. आता डोहाळे पुरे केले नाहीत की पोराची लाळ गळते, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? जी ती यायची आणि विचारायची, "गौरे, काय खायचं राहिलं गं तुझं?" गौरा म्हणायची, "काय की, आठवत नाय." वयनी तिथं असली तर उठून आत जायची.

त्या वर्षी मृगातच असा पाऊस कोसळला की पाड्यातलं सगळं परस धुऊन गेलं. जे पेरलं ते कुजलं. पुन्हा पेरायचं तर बी कुणाकडं? प्रत्येकीनं बियाला म्हणून एखाददुसरं फळ ठेवलेलं, ते पेरून बसलेल्या. मग सरूला आठवलं. सरूचं तोंड म्हणजे दवंडी. सकाळी आमच्या अंगणात बायकाच बायका, टोपल्या घेऊन, पदर पुढं करून.

"रखमे, तुझ्याकडं तीन तुंबे हायेत म्हणं."

"एक मूठ दे गं बाय, परस ओकंबोकं पडलंय."

वयनी तुंबे घेऊन ओट्यावर बसली. सांगते तुम्हाला, त्या दिवसाइतकी उंच ती मला कधी दिसली नाही. एकीएकीच्या पदरात मूठ मूठ घालत होती. सरू म्हणाली, "थोरलीची नजर बघा! सगळ्यांनी मांडवाखाली लाळ गाळली, पण हिनं अख्खा मांडव बियाला सोडला. आम्ही हसत होतो गं, आमच्या तोंडात माती. थोरलीचं बी आहे म्हणून पाड्याच्या पोरांना भाजी मिळणार."

सगळ्या हो हो म्हणाल्या. गौरा दारात उभी होती, लाडक्या काखेला, त्याची लाळ तिच्या खांद्यावर. मला वाटलं आता ही बोलणार. बोलली तर सगळं उघडं पडणार. वयनीची मूठ तुंब्यात तशीच राहिली. तिनं मान वर केली आणि गौराकडे बघितलं.

गौरा म्हणाली, "हा तर. थोरलीनंच राखलं. मला मागून मागून एक खाऊ दिली नाय तिनं."

बायका खो खो हसल्या. त्यांना तो कौतुकाचाच शब्द वाटला. वयनी हसली नाही. तिनं उरलेलं बी वाटून टाकलं, आत आली आणि भिंतीला टेकून बसली. मला म्हणाली, "तोंडावर मारलं असतं तर बरं झालं असतं गं."

त्या दिवसापासून त्या बियाला पाड्यात थोरलीचं बी म्हणतात. खोडाळ्याच्या बाजारातसुद्धा म्हणतात. प्रत्येक वेळी ते नाव ऐकलं की वयनी कानामागं खाजवायची.

तुम्हाला वाटेल मग दोघींचं जुळलं. कसलं जुळतंय! वयनीनं स्वतःचा खड्डा खणला, गौराच्या खड्ड्यापेक्षा वीतभर खोल. दोघी पहाटे उठून शेण आधी कोण उचलते यावर पळायच्या. गौराचा दुधी लांब झाला की वयनीला जेवण जायचं नाही. वयनीच्या अळूची पानं सुपाएवढी झाली की गौरा दिवसभर आदळआपट करायची. खोडाळ्याच्या बाजारात शेजारी शेजारी बसायच्या आणि आपली टोपली आधी रिकामी व्हावी म्हणून दुसरीच्या गिऱ्हाईकाला हाका मारायच्या. वयनी राब भाजायची ती फक्त नागलीला. परसात पुन्हा कधी आग लावली नाही. काकडीचं बी जिथल्या तिथं टोचायची, बोटानं, एकेक. दगडाखालच्या चराला तिनं दुसरा फाटा काढला. माव्यावर राखेत ताकाचं पाणी मिसळायला लागली आणि ते गौराच्याही आधी. हे सगळं ती शिकली ते हेव्यानं, मी म्हटलं ना.

पण एक गोष्ट बदलली. काकडी बोटाएवढी झाली की वयनी नवं करायची. अवस नाही बघायची, पाऊस नाही बघायची. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन उंबराला जायची. आधी स्वतः चावायची आणि पहिली फोड गौरापुढं धरायची. आणि दर वर्षी गौरा ती कपाळाला लावायची आणि लाडक्याला द्यायची. दर वर्षी! लाडक्याची लाळ केव्हाच थांबली होती, त्याला मिसरूड फुटलं, त्याचं लग्न झालं. पण गौरानं काकडी तोंडात घातली नाही. पिकवायची, विकायची, पाहुण्याला चिरून द्यायची. स्वतः नाही. विचारलं तर म्हणायची, "मला नाय आवडत."

वयनी ह्यानं खंगत चालली होती. मला चिडून म्हणायची, "तू सांग ना तिला. एकदा खा म्हणावं, भांड म्हणावं, शिव्या दे म्हणावं. नुसती कपाळाला लावते. बघितलंस, ह्यातसुद्धा तीच वरचढ. मी किती लवकर नवं केलं तरी ती एक फोड तशीच राहते माझ्या हातात."

मी गौराला सांगितलं नाही. का सांगू? ते त्या दोघींचं होतं.

दादा गेला. मागून वयनीला खोकला लागला. शेवटच्या मृगात तिला ओट्यावरून उतरवत नव्हतं, तरी तानीच्या खांद्याला धरून मांडवापाशी गेली आणि बोटानं बी टोचलं. गौरा पाणी घालायला वाकली तर म्हणाली, "लांब हो, माझी वेल हाय." वेलीनं तिसरं पान धरलं त्या आठवड्यात वयनी गेली. गौरा रडली, पण रीतीपुरती. सवतीसाठी बायका रडतात तेवढीच. मला जरा रागच आला तिचा.

श्रावणात त्या वेलीला काकडी धरली. आता घरातली थोरली गौरा. नवं तिनं करायचं. आम्ही सगळे उंबराखाली जमलो, तानी सासरहून आली होती, लाडक्याची बायको होती. गौरानं काकडी वाहिली, चिरली. कोवळी, हिरवी, पाण्यानं भरलेली. आणि मग ती थांबली. रिवाज असा की करणारीनं आधी चावायची. टाळायची सोय नाही. कपाळाला लावून कुणाला देणार?

तिनं फोड तोंडात घातली. चावली. हळूहळू चावत राहिली, जणू इतक्या वर्षांचं एकदम चावत होती. मग म्हणाली, "गोड हाय गं."

आणि तिनं जो हंबरडा फोडला! "थोरले," म्हणून ओरडली, "थोरले, गोड हाय गं, तू कुठं हायेस!" देवीच्या दगडाला कपाळ लावून, उरलेली फोड मुठीत घट्ट धरून. लाडक्या आईला उठवायला गेला, उठेना. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. पानावरच्या फोडी तानीनं वाटल्या, माझ्या हातात माझी फोड तशीच होती.

मला रखमीवयनीचा हेवा वाटला. सांगते ना, आतून अगदी जळजळलं. आयुष्यभर मी त्या घरात दोघींची मनं सांभाळली, कुणाचा घास अडवला नाही, कुणाला टोचून बोलले तरी पोटात ठेवलं नाही. पण मी गेल्यावर माझ्या नावानं असा हंबरडा कोण फोडणार?

मी माझी फोड खाल्ली. खरंच गोड होती मेली.